जागा कोणाची?

एस.टी. फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत जातो. कधी रुमाल, कधी टोपी, कधी वर्तमानपत्राची घडी. आणि हाती काहीच नसले तर पायातली चप्पलही. मग त्या वस्तूचा धनी दारातल्या रेटारेटीतून सावकाश वर येतो आणि आपल्या जागेवर बसतो. 'आपल्या' हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नसलेला हा हक्क महाराष्ट्रातील प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे मान्य करीत आला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतर गाड्यांचे रंगरूप अनेकदा पालटले. रुमालाचे राज्य मात्र अबाधित राहिले. या हक्काचा पाया कोणता आणि त्याची सीमा कोठे संपते, हा प्रश्न सत्तरी ओलांडेपर्यंत आम्हाला कधी पडला नव्हता. तो पडला एका दिवसाच्या लहानशा सहलीत. आणि आमच्याच हातून घडलेल्या चुकीमुळे पडला, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

आम्ही तिघे निवृत्त शिक्षक. एकाच शाळेत उभी हयात काढली आणि आता एकाच धर्मग्रामात म्हातारपण घालवीत आहोत. आमच्यातला चौथा, जो सर्वांत थट्टेखोर, तो मुलाच्या नोकरीमुळे डोंबिवलीला राहावयास गेला. म्हणून वर्षातून एकदा चौघांनी मिळून कोठेतरी जावयाचे, आणि तेही सर्वसामान्य माणसाच्या गाडीने, असा आमचा शिरस्ता पडून गेला आहे. २०२५ सालच्या जानेवारीत कर्नाळ्याचा बेत ठरला. वसई रोडहून दिव्यामार्गे पनवेलपर्यंत मेमू गाडी, पनवेलहून पेणकडे जाणारी एस.टी., आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. चौथा गडी कोपर स्थानकावर चढणार होता.

वसई-दिवा मार्ग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. मुंबईच्या लोकल गाड्यांची धावपळ या मार्गाला ठाऊक नाही. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या. त्यातही मालगाड्यांची वर्दळ मोठी. जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड अशी स्थानके घेत गाडी जाते. एका अंगाला तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात. पुढे भातखाचरे आणि विटभट्ट्या मागे पडून भिवंडीची गोदामे सुरू होतात. मग उल्हास नदीचा पूल येतो आणि कोपर. एक गाडी चुकली की दुसरीची वाट फार वेळ पाहावी लागते, म्हणून जी येते ती भरूनच जाते.

आम्ही अर्धा तास आधी फलाटावर पोहोचलो होतो. गाडी लागताच आम्हाला समोरासमोरची दोन बाके साधली. एकावर दोघे बसलो, दुसऱ्यावर तिसरा बसला आणि त्याच्या शेजारी खिडकीची जागा चौथ्यासाठी धरून तिच्यावर शिदोरीची पिशवी ठेवली. उरलेल्या जागा बघता बघता भरल्या. दोघातिघांनी पिशवीकडे बोट दाखवून विचारले. आम्ही "येणार आहेत" असे सांगितले आणि त्यांनी ते मानले. सांगताना आमच्या मनात खोट नव्हती. तो खरोखरच यावयाचा होता.

कामण रोडला एक बाई चढली. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी, कडेवर चारएक वर्षांची मुलगी. पाटी तिने दारापाशी उतरवली, गर्दीतून आत आली आणि पिशवीकडे पाहून म्हणाली, "इथं कोन हाय का?" आमच्यापैकी एकाने नेहमीचेच उत्तर दिले, "हो, येणार आहेत." "कुठं चढनार?" असे तिने विचारले नाही. विचारले असते, तर "कोपरला" असे सांगताना आमची जीभ कदाचित अडखळली असती. कारण कोपर तेथून बरेच दूर होते. ती मागे फिरली, दारापाशी पाटीच्या कडेला खाली बसली आणि मुलीला मांडीवर घेतले. दारातून जानेवारीचा वारा आत येत होता. तिने पदर मुलीच्या डोक्यावरून ओढून घेतला, एवढे आम्हाला दिसले. मग आम्ही आपल्या गप्पांना लागलो.

भिवंडी रोडला ती उतरून गेली. पुढे कोपर आले. चौथा गडी आला नाही. फोन केला तेव्हा कळले की पहाटे नातवाला ताप भरला, दवाखान्याच्या धावपळीत फोन करावयाचे राहून गेले. आम्ही काळजीने चौकशी केली, फोन ठेवला, आणि तिघांचीही नजर एकाच वेळी त्या पिशवीकडे गेली. पिशवीत चपात्या होत्या, केळी होती, पाण्याची बाटली होती. ती वसईपासून कोपरपर्यंत खिडकीशी बसून आली होती. एक बाई आणि तिची मुलगी दारात जमिनीवर बसून आली होती.

या गोष्टीचा कोणी बाऊ करील असे नाही. रेल्वेच्या साध्या डब्याचे तिकीट प्रवासाचे असते, जागेचे नव्हे. त्या बाईचा हक्क आम्ही बुडवला असे कोणत्याही दंडाधिकाऱ्याला म्हणता येणार नाही. तरीही पनवेल येईपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही.

पनवेलच्या स्थानकातून पेणची एस.टी. मिळाली. सरकारी सवलतीने आमच्यापैकी दोघांना अर्धे तिकीट पडले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या एकाला फुकट प्रवास. कंडक्टरने त्याला शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले तेव्हा चौथा असता तर काय बोलला असता, याची आठवण काढून थोडे हसलो. अर्ध्या तासाच्या आत कर्नाळ्याच्या दाराशी उतरलो. १९६८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे रान आज सुमारे १२ चौरस किलोमीटरांचे आहे. माथ्यावर किल्ला, आणि किल्ल्याच्या मध्यभागी उभ्या अंगठ्यासारखा काळ्या दगडाचा सुळका. गड चढण्याचे आमचे वय राहिलेले नाही. झाडाखाली बसलो, तांबटाची टकटक ऐकली, शिदोरी सोडली. ती पिशवी उघडताना जो विषय सकाळपासून मनात होता तो ओठांवर आला.

आमच्यापैकी एकाने तरुणपणी काही वर्षे सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास केलेला आहे. तो म्हणाला, "हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे. फक्त तेव्हा आगगाडी नव्हती, नाट्यगृह होते." मग त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन विचारवंत सिसेरो याने जगाला नाट्यगृहाची उपमा दिली आहे. नाट्यगृह सर्वांचे असते. तरीही ज्याने जी जागा घेतली ती त्याची, असे म्हणणे योग्यच ठरते. त्याचप्रमाणे जग सर्वांचे असले तरी प्रत्येकाच्या मालकीची काही वस्तू असण्यात अन्याय नाही. पुढे चौथ्या शतकात कॅप्पाडोशियातील सीझरियाचे बिशप संत बेसिल यांनी तेच नाट्यगृह घेतले आणि उपमा नेमकी उलटी फिरवली. धान्याची कोठारे वाढवू पाहणाऱ्या धनिकाविषयी प्रवचन करताना त्यांनी त्याची तुलना अशा प्रेक्षकाशी केली, की जो आधी येऊन बसतो आणि मागून येणाऱ्यांची वाट अडवतो. जे सर्वांसाठी मांडलेले आहे ते आपल्या एकट्याचे समजतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे बेसिल यांचे हे वचन आक्षेप म्हणून आले. त्यांनी निवाडा असा केला की, आधी येणे हा दोष नव्हे. आधी येऊन इतरांना वाट करून देणाराही असतो. दोष आहे तो इतरांना अडवण्यात.

"तर मग आपला दोष कोणता?" पंचाहत्तरी ओलांडलेल्याने विचारले. "आपण आपल्यासाठी काही अडवले नाही. मित्रासाठी जागा धरली. मित्राला दिलेला शब्द पाळणे हाही धर्मच ना? त्या बाईला आपण काही शब्द दिला नव्हता."

हा युक्तिवाद सहज मोडण्याजोगा नाही. माणसाचे नीतिजीवन अनेकदा याच दोन टोकांमध्ये ताणलेले असते. एकीकडे दूर असलेला पण आपला माणूस, ज्याला आपण शब्द दिला आहे. दुसरीकडे डोळ्यांसमोर उभा असलेला परका माणूस, ज्याला गरज आहे. आपल्या माणसाची निष्ठा हा खोटा गुण नव्हे. जो आपल्या मित्राची आठवण ठेवीत नाही तो परक्याचे काय भले करणार? तिघेही विचार करीत राहिलो आणि उत्तर न सापडताच उठलो.

परतीची एस.टी. उभ्याने भरलेली आली. मागच्या लांब बाकावरचे एक वृद्ध शेतकरी जोडपे काही न बोलता एकमेकांकडे सरकले आणि आमच्यातल्या थोरल्याला बसण्यापुरती जागा झाली. पनवेल स्थानकात पोहोचलो तोवर मेमू लागलेली होती. डब्यात शिरलो तर तीच सकाळची बाके, तीच गर्दी. फक्त या वेळी उभे राहणारे आम्ही होतो. एका बाकावर कारखान्याच्या निळ्या कपड्यातला एक तरुण बसला होता आणि त्याच्या शेजारच्या जागेवर रुमाल पसरलेला होता. आमच्यापैकी एकाने विचारावे म्हणून विचारले, "कोणी येणार आहे का?"

"हो, तळोज्याला माझा दोस्त चढेल," तो अडखळत्या मराठीत म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याने रुमाल उचलला. "तुम्ही बसा, काका. तो आला की मी उठेन."

तळोज्याला त्याचा दोस्त आला. तरुण बोलल्याप्रमाणे उठला. पण दोस्ताने त्याला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवले, बाकावरची सगळी माणसे थोडी थोडी सरकली, आणि तिघांच्या बाकावर चौघे झाले. मुंबईकडच्या प्रवाशांना 'चौथी सीट' सांगावयास नको. ज्याला ती मिळते त्याचे अर्धे अंग वाटेत असते, तरीही तो बसलेला असतो. दोघे दोस्त आपल्या भाषेत बोलू लागले. आपण काही विशेष केले असे त्यांच्या चेहऱ्यावर कोठेही नव्हते.

कर्नाळ्याच्या झाडाखाली आम्हाला जे सापडले नव्हते ते त्या तरुणाने एका वाक्यात सांगून टाकले होते. "तो आला की मी उठेन." त्यानेही मित्राला शब्द दिला होता, आम्हीही दिला होता. त्याने तो पाळला, आम्हीही पाळला. भेद एवढाच की, मित्राला द्यावयाची जागा त्याने आपल्या जागेतून देऊ केली. आम्ही ती त्या बाईच्या वाट्यातून दिली. कोपर येईपर्यंत तिला त्या जागेवर बसवता आले असते. कोपरला मित्र चढला असता तर आमच्या तिघांपैकी कोणीही उठून त्याला बसवू शकला असता. शब्दही पाळला गेला असता आणि मुलगी वाऱ्यात बसली नसती. हे आम्हाला सुचले नाही, कारण मित्रप्रेमाची किंमत आपल्याला मोजावी लागेल ही कल्पनाच आमच्या मनात आली नाही. शब्द आमचा होता. किंमत मात्र परस्पर दुसऱ्याने भरली, आणि आम्ही स्वतःला स्नेहाळ समजत राहिलो.

आपल्यांसाठी म्हणून जे जे आपण धरून ठेवतो, त्या सर्वांना ही कसोटी लावून पाहावी असे आम्हाला वाटते. स्वतःसाठी अडवताना माणसाचे मन थोडे तरी टोचते. मुलासाठी, भावासाठी, मित्रासाठी अडवताना ते टोचत नाही. उलट आपण त्याग करीत आहोत असे समाधान वाटते. म्हणूनच हा मोह अधिक धोक्याचा. आमच्या गावात परदेशी गेलेल्या मुलांसाठी राखलेली आणि वर्षानुवर्षे कुलूप लागलेली घरे आहेत, आणि त्याच गावात भाड्याची खोली शोधीत हिंडणारी कुटुंबेही आहेत. ती घरे ज्यांनी घामाने बांधली त्यांची ती आहेत, यात वाद नाही. पिशवी ठेवलेल्या जागेइतका तो प्रश्न सोपाही नाही. मुलांसाठी काही राखू नये असे कोण म्हणेल? पण राखणे वेगळे आणि ओसाड ठेवणे वेगळे. येणारा येईपर्यंत ती जागा कोणाच्या तरी उपयोगी पडू शकते का, आणि तो आला तर त्याच्यासाठी उठावयाचे कोणी, हे दोन प्रश्न निदान मनाशी विचारता येतात.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. सरकारने ते काही अंशी केलेही आहे. एस.टी.च्या खिडक्यांवर स्त्रियांसाठी, अपंगांसाठी राखीव जागांची अक्षरे रंगवलेली असतात. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. हे सर्व हवेच. जेथे माणसे आपणहून सरकत नाहीत तेथे नियमाने त्यांना सरकवावे लागते. परंतु शेंगांची पाटी घेऊन कामणला चढणाऱ्या प्रत्येक बाईसाठी बाकावर अक्षरे रंगवता येणार नाहीत. तेथे उरतो तो चार बोटे सरकणारा माणूसच.

सिसेरोचे खरे आहे. आधी येणाऱ्याचा हक्क मान्य केला नाही तर प्रत्येक स्थानकावर मारामारी होईल, आणि तीत शेंगांची पाटीवाली बाई पहिल्याने हरेल. पण तो हक्क बसण्याचा आहे. रुमालाला पाय नसतात आणि पाठही नसते. त्याला बसण्याची गरज नाही. ज्या क्षणी आमची पिशवी बसली आणि माणूस खाली बसले, त्या क्षणी आमचा हक्क संपला होता. कोणी आमच्याशी भांडले नाही, म्हणून तो संपल्याचे आम्हाला कळले नाही, इतकेच.

पुढच्या रविवारी चौथ्याला फोन करून नातवाची खुशाली विचारली. ताप उतरला होता. मग बोलता बोलता सकाळची हकीकत त्याच्या कानावर घातली. तो नेहमीप्रमाणे हसला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "अरे, कोपरला चढणाऱ्याला कधी जागा मिळते का? मी तर उभाच येणार होतो." म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही जागा अडवली होती त्याने ती मागितलीही नव्हती.

आता या चुकीची भरपाई कशी करावी? ज्याचे देणे आहे तो सापडत नसेल तर ते त्याच्या नावे गरजवंताला द्यावे, असे संत थॉमस यांनी परतफेडीचा विचार करताना सांगून ठेवले आहे. कामणची ती बाई आम्हाला पुन्हा ओळखू यावयाची नाही. तिचा चेहरा आम्ही नीट पाहिलाही नव्हता. तिच्या मुलीच्या डोक्यावरून ओढलेला पदर तेवढा आठवतो. परंतु वसई रोडहून गाडी सुटतेच आहे आणि कामणला कोणी ना कोणी चढतेच आहे. तिची जागा आमच्याकडे देणे आहे. आमच्या शिदोरीची पिशवी आता बाकाखाली असते.